टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्स: हप्ता अचानक वाढला. एस्क्रो, होमस्टेड, प्रोटेस्ट याबद्दल माहिती हवी आहे

केतकी_फ्रिस्को | १८ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही फ्रिस्कोत नवीन बांधणीचं घर घेतलं, कॉलिन काउंटीच्या हद्दीत. किंमत ५,७२,०००. आतापर्यंत हप्ता सुरळीत जात होता. गेल्या आठवड्यात मॉर्गेज कंपनीचं पत्र आलं: जूनपासून हप्ता महिन्याला साधारण १,४६० डॉलरने वाढणार. व्याजदर फिक्स्ड आहे, मग ही वाढ कशाची? फोन केला तर "एस्क्रोत शॉर्टेज आहे, टॅक्स वाढला" एवढंच सांगतात. एस्क्रो म्हणजे टॅक्स-विम्यासाठी हप्त्यातून पैसे बाजूला ठेवतात ते खातं, एवढंच मला माहीत आहे.

त्यातच काल अप्रेझल डिस्ट्रिक्टची (टॅक्ससाठी घरांच्या किमती ठरवणारं कार्यालय) नोटीस आली. त्यात मार्केट व्हॅल्यू ६,०४,००० आहे आणि एक्झम्प्शनचा, म्हणजे करसवलतीचा रकाना कोरा आहे. शेजारी म्हणतात प्रोटेस्ट (किमतीवर हरकत) कर, ऑफिसमधले म्हणतात आधी होमस्टेड (राहत्या घराची करसवलत) बघ. नवऱ्याचा आणि माझा दोघांचाही या विषयातला हा पहिलाच अनुभव. कुठून सुरुवात करायची, ते कोणी नीट समजावून सांगेल का?

नाना_केटी | १८ एप्रिल, रात्री ११:०५

केतकी, घाबरू नकोस. तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. त्या सुट्या केल्या की चित्र स्पष्ट होईल.

टेक्सासमध्ये घराची किंमत त्या वर्षाच्या १ जानेवारीला घर जसं होतं तशी धरतात. १ जानेवारी २०२४ ला तुमच्या जागेवर काय होतं? मोकळा प्लॉट, फार तर स्लॅब. त्यामुळे २०२४ चं बिल नुसत्या जमिनीवर आलं असणार, दोनेक हजारांचं. मॉर्गेज कंपनीने तेच बिल धरून तुमचा महिन्याचा एस्क्रो ठरवला. १ जानेवारी २०२५ ला मात्र पूर्ण घर उभं होतं, म्हणून २०२५ चं बिल पूर्ण घरावर आलं. ते कंपनीने डिसेंबरमध्ये स्वतःच्या खिशातून भरलं आणि आता ती तूट तुमच्याकडून वसूल करते आहे.

तुझी २०२४ आणि २०२५ ची बिलं टाकशील का? काउंटीच्या टॅक्स ऑफिसच्या साइटवर पत्ता घातला की मिळतात.

केतकी_फ्रिस्को | १९ एप्रिल, सकाळी ७:५०

नाना, अगदी तसंच आहे. २०२४ चं बिल २,३०० च्या आसपास, २०२५ चं ११,१००.

नाना_केटी | १९ एप्रिल, सकाळी ८:३०

मग हिशेब जुळला. फरक ८,८०० चा. मागची तूट बारा महिन्यांत भरायची, म्हणजे महिना साधारण ७३०. आणि पुढच्या बिलासाठी आतापासून जास्त जमवायचे, तेही महिना ७३०. दोन्ही मिळून तुझे १,४६०. यातला पहिला निम्मा भाग वर्षभराने जातो. दुसरा राहतो, पण तो कमी करणं तुझ्या हातात आहे. (तूट एकरकमी भरायचा पर्यायही पत्रात असतो. जमत असेल तर तो बघ, मासिक ओढाताण कमी होते.)

नवीन घर घेणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगतो: पहिल्या वर्षाच्या बिलावर बजेट बांधू नका. घराची किंमत गुणिले तुमच्या भागाचा एकूण दर एवढं स्वतः करून बघा आणि फरक बाजूला ठेवत चला. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या सह्यांच्या टेबलावर हे सहसा कोणी सांगत नाही. तरुण जोडपी दुसऱ्या वर्षी हवालदिल होतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता होमस्टेड. तुझा रकाना कोरा आहे याचा अर्थ अर्ज गेलेला नाही. बिल्डर, टायटल कंपनी, मॉर्गेज कंपनी यांपैकी कोणीही तो तुमच्या वतीने करत नाही. मालकाने स्वतः करायचा. फॉर्म ५०-११४, तुमच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, ऑनलाइन होतो, फी शून्य. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स लागतं आणि त्यावरचा पत्ता याच घराचा हवा. बऱ्याच जणांचे अर्ज तिथेच अडकतात. आधी लायसन्सवरचा पत्ता बदल.

फायदा किती? शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या किमतीतून १,४०,००० डॉलर वजा होतात. २०२३ च्या मतदानाने ही सूट १,००,००० झाली होती, नोव्हेंबर २०२५ च्या मतदानाने १,४०,००० झाली आणि २०२५ च्या बिलापासून लागू आहे. शाळेचा दर शंभर डॉलरमागे एक डॉलर धरला तरी वर्षाला १,४०० वाचले. शिवाय शहर, काउंटी, कॉलेज डिस्ट्रिक्ट यांना आपापल्या वाट्यात २० टक्क्यांपर्यंत सूट देता येते. काही देतात, काही नाही.

आणि हे नीट वाच. अर्जाची नेहमीची मुदत ३० एप्रिल, पण उशिराचा अर्जही चालतो: त्या वर्षाचा टॅक्स थकीत ठरण्याच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत. २०२५ चा टॅक्स १ फेब्रुवारी २०२६ ला थकीत ठरतो, म्हणजे २०२५ साठीही तुला अजून अर्ज करता येतो. भरलेला जादा टॅक्स परत मिळतो. अर्जात २०२५ हे वर्ष आठवणीने घाल.

केतकी_फ्रिस्को | १९ एप्रिल, सकाळी ९:१५

नाना, खूप खूप आभार. मागच्या वर्षाचे पैसे परत मिळू शकतात हे ऐकूनच हायसं वाटलं. एक शंका: क्लोजिंगनंतर दोन-तीन पत्रं आली होती, सरकारी वाटावीत अशी, "होमस्टेड रजिस्टर करून देतो, इतके डॉलर पाठवा." ती काय असतात?

नाना_केटी | १९ एप्रिल, सकाळी ९:४०

खासगी लोकांची. कचऱ्यात टाक. खऱ्या अर्जाला एक पैसाही लागत नाही.

संकेत_राउंडरॉक | १९ एप्रिल, दुपारी १२:२०

नाना, नमस्कार. मी एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहीतच आहे. मित्र म्हणतो व्हिसावर असणाऱ्यांना होमस्टेड मिळत नाही, उलट घेतलं तर पुढे इमिग्रेशनमध्ये अडचण येते. म्हणून मी चार वर्षं अर्जच केलेला नाही.

वर्षा_ऑस्टिन | १९ एप्रिल, दुपारी १:०५

संकेत, आम्हालाही एच-१बी वर असतानाच मिळालं. टेक्सासमध्ये नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट नाही. घर तुमच्या नावावर हवं, तेच तुमचं मुख्य राहतं घर हवं आणि लायसन्सवर तोच पत्ता हवा. व्हिसाच्या मुदतीपुरतं दिलेलं लायसन्सही चालतं. ही काही सरकारी मदत नाही, राहत्या घराला कायद्याने दिलेली सूट आहे. आजच अर्ज करा, मागच्या ज्या वर्षांची मुदत शिल्लक असेल तीही मागा.

मित्राने कदाचित दुसऱ्या राज्यातलं ऐकलं असेल. फ्लोरिडात कायमचं वास्तव्य ही अट आहे आणि तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांचा अर्ज तिथे साधारणपणे नाकारतात. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये मात्र एक महत्त्वाचा निकाल दिला: आईवडील तात्पुरत्या व्हिसावर होते, पण त्यांच्यावर अवलंबून असलेली अमेरिकन नागरिक मुलं त्याच घरात कायमची राहत होती, म्हणून सूट मान्य झाली. जॉर्जियातही बऱ्याच काउंट्या नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात. तेव्हा राज्य बदललं की नियम नव्याने वाचायचे, मित्रावर विसंबायचं नाही.

संकेत_राउंडरॉक | १९ एप्रिल, दुपारी १:३०

वर्षाताई, धन्यवाद. आज रात्रीच करतो.

अभिजित_सॅनहोजे | १९ एप्रिल, रात्री ८:१०

इथे कॅलिफोर्नियातले वाचक असतील तर त्यांच्यासाठी लिहितो, कारण आमच्याकडे सगळं उलटं आहे. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे मूळ दर १ टक्का. ज्या किमतीला घर घेतलं ती पायाभूत किंमत, आणि ती वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. त्यावर स्थानिक बाँड आणि कुठे कुठे मेलो-रूस (नव्या वसाहतींच्या सोयींसाठीचा जादा कर). म्हणून एकाच गल्लीत एकाच नकाशाची दोन घरं, एकजण १९९० पासून राहतो आणि एक गेल्या वर्षी आला, तर दोघांच्या बिलात कित्येक पट फरक. नव्या माणसाला हे फार जाचतं, पण कायदा तसा आहे.

इथे होमओनर्स एक्झम्प्शन फक्त ७,००० चं आहे, म्हणजे वर्षाला सत्तरएक डॉलर. तरी अर्ज करून टाका, एकदाच करायचा असतो.

आमच्याकडे खरा दणका बसतो तो सप्लिमेंटल बिलाचा. समजा आधीच्या मालकाची असेस्ड व्हॅल्यू (टॅक्ससाठी धरलेली किंमत) ४ लाख होती आणि तुम्ही १५ लाखांना घेतलं. मधल्या ११ लाखांच्या फरकावर, आर्थिक वर्षाचे उरलेले महिने धरून वेगळं बिल येतं. ते थेट तुमच्या नावाने घरी येतं, मॉर्गेज कंपनी सहसा ते भरत नाही. जानेवारी ते मे मध्ये खरेदी झाली असेल तर अशी दोन बिलं येतात. आमच्या ओळखीत एकांनी "एस्क्रोतून जाईल" म्हणून ते पाकीट बाजूला ठेवलं आणि दंड भरला. नियमित बिलाच्या तारखा १० डिसेंबर आणि १० एप्रिल. या दोन तारखा फ्रिजवर लावून ठेवा.

एक आणखी, ज्यांची मुलं मोठी झाली त्यांच्यासाठी. २०२१ पासून प्रॉपोझिशन १९ लागू आहे. पूर्वी आईवडिलांचं घर मुलांकडे गेलं तरी जुनी असेस्ड व्हॅल्यू राहायची. आता मुलाने वर्षभरात तिथे स्वतः राहायला जाऊन अर्ज केला तरच तो फायदा, आणि त्यालाही मर्यादा. भाड्याने दिलं तर पूर्ण बाजारभावाने टॅक्स. दुसऱ्या बाजूने, ५५ च्या पुढच्यांना छोटं घर घेताना आपली जुनी पायाभूत किंमत राज्यभरात कुठेही सोबत नेता येते.

मंदार_एडिसन | १९ एप्रिल, रात्री १०:४५

न्यू जर्सीचं मी सांगतो. देशातल्या सगळ्यात जड टॅक्सपैकी आमचा. इथे किंमत ठरवतो गावाचा असेसर, अपील जातं काउंटी टॅक्स बोर्डाकडे. मुदत बहुतेक काउंट्यांत १ एप्रिल, त्यामुळे या वर्षीची गेली. मॉनमथसारख्या ठिकाणी तर ती जानेवारीतच असते. हप्ते चार: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या १ तारखेला. अपील केलंय म्हणून टॅक्स थांबवायचा नाही, तो भरत राहावाच लागतो.

आमच्याकडे टेक्साससारखं सरसकट होमस्टेड नाही. अँकर नावाची योजना आहे: दीड लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरमालकांना १,५०० आणि अडीच लाखापर्यंत १,००० असे गेली काही वर्षं मिळत आलेत. सिनियर फ्रीझ वेगळं, ते ज्येष्ठांना वाढलेला टॅक्स परत देतं. यात उत्पन्नाची आणि वास्तव्याची अट असते.

आपले लोक एका ठिकाणी हमखास गडबडतात. बिलावर असेस्ड व्हॅल्यू ३ लाख आणि बाजारभाव ६ लाख दिसला की वाटतं आपण फायद्यात आहोत. तसं नसतं. ज्या गावाचं वर्षानुवर्षं रीव्हॅल्युएशन (फेरमूल्यांकन) झालेलं नाही तिथे सगळ्यांचीच असेस्ड व्हॅल्यू कमी असते आणि दर त्या मानाने चढा असतो. असेस्ड व्हॅल्यूचं बाजारभावाशी गावाचं सरासरी प्रमाण राज्य दरवर्षी जाहीर करतं. तुमचं प्रमाण त्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वर असेल तरच अपिलात दम असतो.

केतकी_फ्रिस्को | २० एप्रिल, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. होमस्टेडचा अर्ज गेला, २०२५ आणि २०२६ दोन्हीसाठी. आता प्रोटेस्ट. आम्ही ५,७२,००० ला घेतलं आणि ते ६,०४,००० म्हणतात. होमस्टेड मिळालं की प्रोटेस्टची गरज उरते का?

नाना_केटी | २० एप्रिल, रात्री १०:१०

उरते. होमस्टेडमुळे किमतीतून ठरावीक रक्कम वजा होते, प्रोटेस्टने मूळ किमतीवरच हरकत घेता येते. मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची ती. ती चुकली तर या वर्षापुरता विषय बहुतेक संपला. ऑक्टोबरात बिल येतं तेव्हा लोक जागे होतात, पण त्या वेळी किमतीबद्दल बोलायला कोणी बसलेलं नसतं. म्हणून मी सारखा सांगतो, एप्रिलचं पाकीट उघडा.

नोटिशीत दोन आकडे वेगळे बघायचे: मार्केट व्हॅल्यू (बाजारभाव) आणि अप्रेझ्ड व्हॅल्यू (टॅक्ससाठी धरतात ती किंमत). होमस्टेड मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून अप्रेझ्ड व्हॅल्यू वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. (नवीन खोली, पूल वगैरे बांधलं तर ती भर वेगळी.) जुन्या घरमालकांच्या बाबतीत कधी कधी मार्केट ७ लाख आणि या १० टक्क्यांच्या कॅपमुळे अप्रेझ्ड साडेपाच लाख असं असतं. त्यांनी मार्केट ७ चं साडेसहा करून घेतलं तरी या वर्षी एक डॉलरही वाचत नाही. तुझ्याकडे तसं अंतर नाही, त्यामुळे तुझा प्रत्येक कमी झालेला हजार बिलात दिसेल.

वर्षा_ऑस्टिन | २० एप्रिल, रात्री ११:००

केतकी, प्रोटेस्टच्या फॉर्मवर दोन कारणांवर खूण कर: किंमत बाजारभावापेक्षा जास्त आहे, आणि आजूबाजूच्या तशाच घरांच्या तुलनेत असमान आहे. दोन्ही दारं उघडी राहतात. त्याच वेळी अप्रेझल डिस्ट्रिक्टचे पुरावेही माग. सुनावणीच्या १४ दिवस आधी डिस्ट्रिक्टला ते तुला द्यावे लागतात, आणि तिथेच खरी मेख सापडते.

आमच्या घराचं सांगते. सुनावणी आधी अप्रेझरबरोबर अनौपचारिक होते. त्याने जो आकडा दिला तो आम्हाला पटला नाही, म्हणून रिव्ह्यू बोर्डापुढे गेलो. टेबलापलीकडे तीन माणसं. ती अप्रेझल डिस्ट्रिक्टचे नोकर नसतात, गावातलेच नागरिक असतात. शपथ घेतली. अप्रेझरने स्क्रीनवर तुलनेची घरं लावली. मी आदल्या रविवारी गाडी घेऊन त्यातलं एकेक घर बाहेरून बघून आले होते. एकाच्या मागे ग्रीनबेल्ट आणि परसात पूल, आमच्या कुंपणाला लागून चार पदरी रस्ता. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. मग दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली भेग. इथली माती काळी चिकण, उन्हाळ्यात आक्रसते आणि फाउंडेशन हलतं. भेगेशेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटो आणि फाउंडेशनवाल्याचं १८,००० चं लेखी एस्टिमेट दिलं. त्यातल्या एक बाई स्वतः उठून फोटो जवळून बघायला आल्या. सगळं पंधरा मिनिटांत आटोपलं. किंमत उतरली.

"टॅक्स परवडत नाही, नोकरी गेली" हे तिथे बोलून उपयोग नाही, कितीही खरं असलं तरी. त्यांच्या हातात फक्त किंमत आहे. तू क्लोजिंगचे कागद, बिल्डरने तुझ्या गल्लीत त्यानंतर विकलेल्या घरांचे भाव आणि अपुऱ्या कामांचे फोटो घेऊन जा. टेक्सासमध्ये विक्रीचे भाव सरकारदरबारी जाहीर होत नाहीत, म्हणून ते तुझ्या रिअल्टरकडून मागून घे. बहुतेक रिअल्टर आनंदाने देतात.

शिल्पा_प्लेनो | २१ एप्रिल, सकाळी १०:३०

एक वेगळा मुद्दा मांडते, राग मानू नका. मी शाळेत शिकवते. आपण सगळे इथे आलो ते शाळा बघून. घर शोधताना पहिला प्रश्न कोणती आयएसडी (शाळांचा स्थानिक विभाग) हाच असतो. मग दर एप्रिलला टॅक्स कसा कमी करायचा यावर एवढा जोर, आणि शाळांचं काय? प्लेनो आयएसडीने २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं. कारण मुलांची संख्या घटली हे होतं, पण पैशाचा प्रश्न त्यातही होताच.

संकेत_राउंडरॉक | २१ एप्रिल, दुपारी १२:००

शिल्पाताई, पण जे देणं लागत नाही ते का द्यायचं? माझ्या घराची किंमत चुकीची लावली असेल तर ती दुरुस्त करणं यात शाळेचं काय नुकसान?

नाना_केटी | २१ एप्रिल, रात्री ९:२०

दोघांचंही बरोबर आहे, आणि शिल्पाने हा विषय काढला याचा मला आनंद झाला.

शिल्पा, होमस्टेडमुळे शाळेचं जे उत्पन्न घटतं ते राज्य भरून देतं, कायद्यातच तशी तरतूद आहे. त्यामुळे अर्ज करताना अपराधी वाटायचं कारण नाही. प्रोटेस्टचं म्हणशील तर शेजाऱ्याची किंमत बरोबर आणि आपली चढी असेल तर आपण त्याच्या वाट्याचं भरतो. ते दुरुस्त करणं न्यायाचंच आहे.

पण आपल्या लोकांना मला एक सांगायचंय. अप्रेझल डिस्ट्रिक्ट फक्त किंमत ठरवते. दर ठरवतात स्कूल बोर्ड, सिटी कौन्सिल, काउंटीचे कमिशनर, आणि आमच्या फोर्ट बेंड भागात त्यावर मडसुद्धा (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, वसाहतीच्या पाणी-सांडपाण्याची सोय बघणारी संस्था). बिल काउंटीच्या ऑफिसातून येतं म्हणून सगळे काउंटीवर चिडतात, पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा बहुधा शाळेचा असतो. दरांच्या जाहीर सुनावण्या ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. मी जातो. खुर्च्या रिकाम्या असतात. शाळेच्या बाँडचं मतदान मे किंवा नोव्हेंबरात येतं, तेव्हा नागरिक झालेले आपलेच लोक मत द्यायला जात नाहीत. गणपतीत हॉल भरतो तितके नाही, निम्मे लोक जरी त्या सुनावणीला बसले तरी तुमच्या पैशाचं काय करतात हे तुम्हाला विचारून ठरेल. जे नागरिक नाहीत त्यांनाही सुनावणीत बोलता येतं. एप्रिलमध्ये किंमत बघा आणि ऑगस्टमध्ये दर बघा, दोन्ही करा.

शिल्पा_प्लेनो | २१ एप्रिल, रात्री १०:००

नाना, हे पटलं. राज्य भरून देतं हे माहीत नव्हतं. आमच्या मंडळात ऑगस्टच्या सुनावणीची तारीख मी सगळ्यांना कळवेन.

श्रीकांत_शुगरलँड | २३ एप्रिल, रात्री ८:४५

आई-बाबा ग्रीन कार्डवर आमच्याकडे कायमचे राहायला आलेत, दोघंही सत्तरीचे. ६५ च्या पुढच्यांना मोठी सूट आहे म्हणतात. ती आम्हाला लागू होईल का?

नाना_केटी | २३ एप्रिल, रात्री ९:३०

सूट खरंच मोठी आहे. शाळेच्या टॅक्समध्ये १,४०,००० च्या वर आणखी ६०,०००, शिवाय ज्या वर्षी ही सूट सुरू होते त्या वर्षाच्या पातळीवर शाळेच्या टॅक्सची रक्कम गोठते. मी स्वतः त्यात आहे. चार हप्त्यांत विनादंड भरता येतं. फारच अडचण असेल तर टॅक्स पुढे ढकलायचीही सोय आहे, पण त्यावर वर्षाला ५ टक्के व्याज चढत जातं आणि शेवटी ते मुलांना फेडावं लागतं.

पण ही सूट घरात राहणाऱ्या ज्येष्ठाला नाही, घराच्या मालकाला आहे. आई-बाबांचं नाव डीडवर (घराच्या मालकीच्या कागदावर) नसेल तर मिळत नाही. काही जण या सवलतीसाठी नाव घालतात. श्रीकांत, डीडवर नाव घालणं म्हणजे घराचा हिस्सा देणं. मालकी अर्धवट असेल तर सूटही साधारण हिश्श्याच्या प्रमाणात मिळते. कर्ज देणारी कंपनी, गिफ्टचे नियम, पुढे वारसा, पुढे विक्री, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. वकिलाशी बोलल्याशिवाय हे करू नकोस.

मंदार_एडिसन | २४ एप्रिल, सकाळी ७:३०

फेडरल रिटर्नबद्दल दोन ओळी. सॉल्टची (राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीची) मर्यादा १०,००० होती ती २०२५ साठी ४०,००० झाली, उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की ती कमी होत जाते. आयटमाइझ करत असाल (ठरावीक वजावट न घेता खर्च एकेक करून दाखवत असाल) तरच उपयोग. एस्क्रोत तुम्ही किती टाकले ते धरायचं नाही, कंपनीने त्या कॅलेंडर वर्षात प्रत्यक्ष किती टॅक्स भरला तो आकडा घ्यायचा.

पुण्यातल्या फ्लॅटची घरपट्टी मात्र २०१८ पासून यात धरता येत नाही. तो फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाड्याच्या उत्पन्नासमोर खर्च म्हणून दाखवता येते. आणि पुण्याचं निघालंच आहे तर: तिथे आई-बाबा स्वतःच्या घरात राहत असतील तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. बिलात ती दिसत नसेल तर महापालिकेत पीटी-३ अर्ज द्यावा लागतो. तिकडच्यांचं बिल एकदा मागवून बघा.

केतकी_फ्रिस्को | १२ जून, रात्री १०:२०

मंडळी, कळवायचं होतं. होमस्टेड दोन्ही वर्षांसाठी मंजूर झालं. प्रोटेस्टही अनौपचारिक बैठकीतच मिटलं, ६,०४,००० चे ५,७८,००० झाले. बिल्डरने आमच्यामागच्या गल्लीत तोच नकाशा ५,६५,००० ला विकला होता, तो कागद उपयोगी पडला. एकूण दर १.९ टक्क्यांच्या आसपास धरला तर फक्त प्रोटेस्टने ४९० वाचले, होमस्टेडचे वेगळे. वर्षाताई, रविवारी तुलनेची घरं बघून यायचा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला.

आता एकच. २०२५ चा परतावा चेकने येणार म्हणतात. हप्ता मात्र अजून वाढलेलाच जातोय. तो आपोआप कमी होईल का?

नाना_केटी | १२ जून, रात्री ११:००

शाब्बास! फार बरं वाटलं वाचून.

आपोआप होणार नाही. मॉर्गेज कंपनीला होमस्टेड मंजुरीचं पत्र आणि दुरुस्त झालेलं २०२५ चं बिल पाठव आणि एस्क्रोचं विश्लेषण नव्याने करा असं लेखी माग. चेक तुमच्या नावाने आला तर तो एस्क्रोत भरायचा आणि सोबतच्या पत्रात "एस्क्रो शॉर्टेजसाठी" असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर ते मुद्दलात जमा करतात. तूट तेवढी कमी झाली की नवीन विश्लेषणात हप्ता खाली येईल. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर इथे लिही, पत्राचा मसुदा मी करून देतो.